परत तीच पिकअप घ्यायची का?

कोल्हापूर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "मग, परत तीच घ्यायची ना?" मी नुसतं "बघू" म्हणालो आणि ते बाबांना लागलं, असं ताई सांगत होती. फोनवर बाबांना धड ऐकू येत नाही, आणि मी जरा मोठ्यानं बोललो की आई म्हणते, बापलेक भांडताय काय. म्हणून सविस्तर लिहितोय. आई, तूच वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस.

बाबा, इंजिन तुम्ही पुण्याला ताईकडं जाताना सोडून गेलात तसंच आहे. थंडीतसुद्धा एका सेल्फला चालू होतं. रडगाणं आहे ते हौद्याचं. फाळक्याजवळचा पत्रा गंजून जाळी झालाय. पावसाळ्यानंतर खालून पट्टी मारून घेतली होती, पण आता पट्टी धरायलाच पत्रा उरलेला नाही, असं वेल्डर म्हणतो. आठ वर्षं उलटल्यापासून पासिंग दरवर्षी, वर पर्यावरण कर, आणि पासिंगच्या आधी रंग, रिफ्लेक्टर, लायटी यांचा खर्च वेगळाच. रेटायची म्हटली तर अजून थोडी रेटता येईल. पण सीझनला गाडी भरून आली आणि पत्र्यातून गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, कोपरा खाली डोकावला, तर व्यापारी आपलं काही ऐकून घेणार नाही.

तेव्हा गाडी घ्यायची हे पक्कं. तीच घ्यायची का, हे मी ज्यांच्याकडं आहे त्यांनाच विचारत सुटलो. मार्केट यार्डात, गांधीनगरात, तावडे हॉटेलजवळ, भाड्याची वाट बघत उभ्या असलेल्या प्रत्येकाला. "परत घ्यायची झाली तर हीच घेशील काय?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं. "हीच की! दुसरी कुठली घेणार, भावा?"

चहा पाजून जरा खोदलं की मग कारणं निघतात, आणि गंमत म्हणजे ती गाडीची नसतातच. एक म्हणाला, विकायला काढली की संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक दारात. दुसरा म्हणाला, फायनान्सवाला ह्याच गाडीवर कुरकुर न करता कर्ज देतो. तिसऱ्याचं म्हणणं, निपाणीला बंद पडो नाहीतर गगनबावड्याला, क्लच प्लेट जागेवर मिळते. गाडी चालवायला कशी आहे, यावर एकही आपणहून बोलला नाही. शिवाय ज्याचे हप्ते चालू आहेत तो आपल्या गाडीला नावं ठेवत नाही, आणि ज्यानं वैतागून विकली तो अड्ड्यावर उभाच नसतो. त्यामुळं अड्ड्यावरच्या कौलावर माझा अर्धाच विश्वास.

खरं बोलतात ते पगारी ड्रायव्हर. यार्डातला एक म्हणाला, "मालकाला काय विचारताय, माझ्या कंबरंला विचारा." भरलेली गाडी मऊ जाते, रिकामी परत आणताना मणका ढिला होतो. यात कुणाची लबाडी नाही. मागचे पाटे दीड टनासाठी बांधलेले असतात, रिकाम्या हौद्याला ते वाकणार कसे? तुम्ही इतकी वर्षं तीच चालवलीत आणि कधी कण्हला नाहीत, पण तुमच्या गुडघ्यांचं आणि कंबरेचं बिल आता पुण्यात ताई भरतेय, हे विसरू नका.

पिकअप सोडून दुसरीकडं गेलेलेही शोधून काढले. २००५ ला छोटा हत्ती आला तेव्हा तुम्ही हसला होतात, "ह्यात काय कोंबड्या नेणार?" म्हणून. आज लक्ष्मीपुरीच्या बोळांत तोच घुसतो. पुढं २०११ ला अशोक लेलँडची दोस्त आली, २०१९ ला टाटाची इंट्रा. ज्यांनी यातली कुठलीतरी घेतली ते खूश आहेत, पण त्यांचं काम शहरातल्या शहरात. आंबा घाट उतरून रत्नागिरीला जायचं म्हटलं की तेही आपल्याच रांगेत येतात.

आता मुद्द्याचं. बाबा, तुम्ही म्हणताय ती गाडी आता बाजारात नाही. नाव तेच आहे, तोंडवळा थोडाफार तोच आहे, पण बॉनेटखाली दुसरंच प्रकरण आहे. आपली २०१७ च्या आधीची. पंप आणि नोझल, बाकी सगळं डोळ्यांना दिसणारं. उद्यमनगरातला आपला मिस्त्री नुसता आवाज ऐकून सांगायचा, तिसऱ्या नोझलचं बघायला पाहिजे म्हणून. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या नव्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या सरकारी नियमांच्या सहाव्या पायरीच्या. सरकारनं मधली पाचवी पायरीच गाळली आणि थेट सहावीवर नेलं. डिझेलसुद्धा बदललं, गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. २०२३ च्या एप्रिलपासून नियम आणखी कडक झाले. आता धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, काही गाड्यांना वेगळ्या टाकीतून युरियाचं द्रावण लागतं, आणि या सगळ्यावर सेन्सरची नजर.

तो फिल्टर कसा वागतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शिरोलीतून उद्यमनगरात कास्टिंग (ओतीव लोखंडी माल) टाकणारा एकजण आहे. त्याची गाडी दिवसभर जवळजवळच्या फेऱ्या मारते, सिग्नलला थांबते, गेटवर तासभर उभी राहते. इंजिन नीट तापतच नाही, म्हणून फिल्टरमधली काजळी जळत नाही, साठत जाते. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा. तो दिवा लागला की हा पठ्ठ्या रिकामी गाडी घेऊन हायवेला लागतो, एका लयीत कागलपर्यंत जातो आणि परत येतो. काजळी जळते, दिवा जातो. डिझेल त्याच्या खिशातलं आणि भाडं शून्य. एकदा त्यानं दिव्याकडं काणाडोळा केला तर गाडीचा जोरच गेला, आणि शेवटी सर्व्हिस सेंटरला नेऊन स्कॅनर लावावा लागला. मी त्याला विचारलं, "परत हीच घेशील?" तो म्हणाला, "घेईन, पण जुनी मिळाली तर."

पुराचंही तेच. २०१९ ला पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद. बुडालेल्या जुन्या गाड्या ऑइल काढून, नोझल उतरवून, वाळवून उद्यमनगरातल्या मिस्त्र्यांनी उभ्या केल्या. २०२१ ला परत तीच कथा. नव्या गाडीच्या वायरिंगमध्ये आणि कंट्रोल युनिटमध्ये तसलं पाणी शिरलं तर मिस्त्री हात जोडतो आणि विम्यावाल्याचा नंबर देतो. म्हणजे तुम्ही जुन्याची जी बाजू घेता ती खरीच आहे. फक्त ती शोरूममध्ये मिळत नाही.

हे आपल्याकडंच आहे असंही नाही. मावशीच्या सतीशकडं तिकडं अमेरिकेत टोयोटाची टॅकोमा आहे. तिथं मधल्या आकाराची पिकअप म्हणजे असली, चार दरवाजे, एसी केबिन, मागं छोटासा हौदा. (त्याच्या हौद्यात मी फोटोत आजवर सायकल आणि कुत्रा सोडून काही पाहिलेलं नाही.) त्यालाही विचारलं. म्हणाला, हीच घेईन, पण माझ्यासारखी. कारण २०२४ च्या मॉडेलपासून कंपनीनं साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून २.४ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो बसवलं. नवीन ओढीला जास्तच आहे, तरी याचा जीव जुन्यात. मला तुमचीच आठवण झाली. आणि तिकडं ओंकार आपल्या मामाला सांगतोय की इसुझूची व्ही-क्रॉस घे नाहीतर टोयोटाची हायलक्स घे. ओंकारला सांगा, हायलक्स २०२२ ला आली तेव्हाच किंमत ३३ लाखांच्या वर होती. तेवढ्यात गुऱ्हाळमालक आपल्याला गुऱ्हाळच विकतील.

मग माझं काय ठरलं? कंपनी तीच, गाडी वेगळी. इंजिनाची आशा सोडली की बाकीचं सोपं होतं. स्पेअर, विक्रीची किंमत, घाटातली ताकद, या तिन्हींत ती अजून पुढं आहे. पण टनाचा हट्ट मी सोडणार आहे. तुमच्या वेळी तीस किलोचे रवे होते. पन्नास रवे लावले की दीड टन झाला, आणि तुम्ही तर पाटे सरळ होईपर्यंत लावत होतात. मागं उभं राहून पाट्यांकडं बघायचं आणि "बास" म्हणायचं, हाच तुमचा वजनकाटा. आता गुजरातला जाणारा माल किलोच्या आणि पाच किलोच्या पॅकिंगमध्ये, खोक्यांत जातो. खोक्यांनी हौदा काठोकाठ भरतो तेव्हाही वजन पासिंगच्या आतच असतं. कास्टिंगचं उलटं, निम्मा हौदा रिकामा आणि पाटे जमिनीकडं. पण फाउंड्रीवाल्यांनी आता स्वतःचे मोठे टेम्पो घेतलेत, त्या भाड्यांतलं आपल्याकडं फार थोडं उरलंय. तेव्हा मला वजन नको, लांबी पाहिजे. नऊ-दहा फुटी हौद्याच्या पिकअप आता सर्रास मिळतात. हौद्याला आतून जाड चेकर्ड प्लेट पहिल्याच दिवशी टाकून घेणार.

ओव्हरलोडचं तर नावच काढू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दंड २० हजार, वर जादाच्या प्रत्येक टनाला २ हजार. एका पावतीत महिन्याचा हप्ता जातो.

सीएनजीचाही विचार केला. शहरातल्या कामाला परवडतं. पण सिलिंडरचं वजन आपल्या मालातून वजा होतं, घाटात दम लागतो आणि पंपावरची रांग बघितलीच असेल. आपली धाव यार्ड ते घाटाखाली, आणि हायवेवर लांब पळणाऱ्या गाडीला तो काजळीचा फिल्टर फारसा त्रास देत नाही. म्हणून डिझेलच.

आई, तुझं मतही मोजलंय. अमावस्येला आदमापूरला जाताना मधल्या सीटवर तुझा गुडघा गिअरच्या दांड्याला लागायचा. शोरूममध्ये मी मुद्दाम मधे बसून बघितलं. अजून लागतो. तेव्हा आदमापूरला भाड्याची कार करू, त्यात वाद नको.

पैशाचं म्हणाल तर २०२५ च्या सप्टेंबरात मालगाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढा हात मोकळा झाला. ड्रायव्हर महेशच. त्याच्याकडं साधं कारचं लायसन आहे, पण साडेसात टनांच्या आतल्या मालगाडीला तेच चालतं, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळं बॅजची भानगड नाही.

जुनीला गगनबावड्याकडचं एक गिऱ्हाईक आलंय. इंजिन ऐकलं आणि गप्पच बसला, मग हौद्याकडं बघून भाव पाडायला लागला. नवा हौदा बांधून घेणार म्हणतो. मी आकडा दिलेला नाही. बाबा, तुम्ही खालचा आकडा सांगा, त्याच्याखाली मी उतरणार नाही. आरसी तुमच्या नावावर आहे, म्हणून गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० सोबत पाठवतोय. फुल्या केल्यात तिथंच सह्या करा, आरसीवर आहे तशीच सही पाहिजे, हल्लीची थरथरती नको. आधारची झेरॉक्स ताईला जोडायला सांगा. नवी पिवळी पाटी बसवलेला जुन्या गाडीचा फोटोही पाकिटात आहे.

बुकिंगला तुम्ही इथं असावं असं मला वाटतं. शोरूमवाला अॅक्सेसरीजच्या नावाखाली जे काही चिकटवायला बघतो त्याला तुमच्यासारखं तोंडावर "नको" म्हणणं मला जमत नाही. ताईला सुट्टी मिळाली की कळवा, मी स्टँडवर येतो.

तुमचा,
बाळू