किरायाच्या पत्त्यांचा हिशेब शिकवणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. नागपुरात माझ्यासारख्या कितीतरी लॅब असिस्टंट असतील, ज्यांच्या गळ्यात एक दिवस अख्ख्या कॉलेजचं नेटवर्क पडतं आणि विचारायला कोणी नसतं. मला तुम्ही होतात.

मे महिन्यातली ती सकाळ. साडेनऊलाच लॅबमधले दोन्ही कूलर घरघरत होते, अकराला ऑनलाइन प्रॅक्टिकल, आणि साठपैकी बावीस मशीनवर पेपर उघडेना. बाकीच्या व्यवस्थित चालू. मी घाईघाईत सगळ्या मशीनच्या वायरी जोडणारा नेटवर्क स्विच बंद करून चालू केला, तर आणखी नऊ गेल्या. रडवेल्या आवाजात तुम्हाला फोन लावला. तुम्ही एवढंच म्हणालात, "कशालाच हात लावू नको. बंद पडलेल्या मशीनला पत्ता कोणता मिळालाय, तेवढं वाचून दाखव."

आमच्या मशीनचे नेटवर्कवरचे पत्ते १०.२० ने सुरू होतात. स्क्रीनवर १९२.१६८.०.१४ होता. "आता डीएचसीपी सर्व्हरची ओळ वाच." १९२.१६८.०.१. डीएचसीपी सर्व्हर म्हणजे मशीनना पत्ते वाटणारा, आणि या पत्त्याचा सर्व्हर आमच्याकडे नव्हताच.

"म्हणजे तुमच्या वाड्यात दुसराच कोणीतरी खोल्या किरायाने देतोय," तुम्ही म्हणालात, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मशीन पत्ता मागते ती साऱ्या नेटवर्कला हाक मारून. ज्याचं उत्तर आधी पोचलं, बहुतेक वेळा त्याचंच ती धरते. म्हणून काही मशीन आमच्या सर्व्हरकडे गेल्या, काही त्या परक्याकडे. आणि स्विच बंद-चालू करून चांगल्या मशीननाही मीच पुन्हा हाक मारायला लावली होती. पुढचं तुम्ही पायरी-पायरीने करून घेतलंत. एआरपी टेबलातून, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या यंत्राचा या यादीतून, त्याचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढला, तो स्विचच्या टेबलात शोधला, पोर्ट सतरा निघाला. त्या पोर्टची वायर धरत धरत मी स्टाफरूममध्ये पोचले. टेबलाखाली कोणीतरी घरचा वाय-फाय राउटर आणून ठेवला होता आणि भिंतीतली वायर त्याच्या लॅन पोर्टात खुपसली होती. ती उपसली तेव्हा दहा चाळीस झाले होते. पेपर अकराला सुरू झाला. तोवर तुम्ही फोन ठेवला नव्हता.

आमच्या कॉलेजशी तुमचा काही संबंध नव्हता, पगार तर नाहीच. तरी त्या रविवारी रात्रपाळी संपवून तुम्ही थेट बर्डीवरून स्कूटरने आलात. नेटवर्कवरची बोलणी दाखवणारं वायरशार्क लावून माझ्यासमोर एक मशीन सुरू केलीत आणि चार ओळी दाखवल्यात: डिस्कव्हर म्हणजे कोणी पत्ता देतं का, ऑफर म्हणजे हा घे, रिक्वेस्ट म्हणजे हाच दे, आणि दिल्याची पावती म्हणजे अ‍ॅक. सर्व्हर ६७ नंबरच्या पोर्टवर (ही स्विचवरची खाच नव्हे, सॉफ्टवेअरमधलं दार) ऐकतो, मशीन ६८ वर. मी विचारलं, ऑफर आलीच आहे तर परत रिक्वेस्ट कशाला? तुम्ही उत्तर दिलं नाहीत, दुसरा सर्व्हर मुद्दाम चालू केलात. आता ऑफर दोन आल्या. रिक्वेस्ट सगळ्यांना ऐकू जाते, त्यात निवडलेल्या सर्व्हरची ओळख म्हणून त्याचा पत्ता असतो, आणि न निवडलेला आपण देऊ केलेला पत्ता परत घेतो. ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून आजही विसरलेले नाही.

लीजचंही, म्हणजे पत्त्याच्या किरायाच्या मुदतीचंही, तसंच. मुदत अर्धी झाली की मशीन त्याच मालकाकडे मुदतवाढ मागते, आणि साडेसत्त्याऐंशी टक्के उलटूनही उत्तर नाही आलं तर ज्याला त्याला विचारत सुटते. म्हणजे सर्व्हर तासभर बंद पडला तरी आधीच्या मशीन लगेच उघड्यावर पडत नाहीत. हे कळल्यापासून माझी छाती धडधडत नाही.

वाय-फायचा घोळही तुम्हीच सोडवलात. पत्ते २५४ आणि लीज आठ दिवसांची. मुलं घरी गेली तरी त्यांच्या फोनच्या नावाने खोल्या अडकून राहायच्या. त्यातून काही फोन दरवेळी नवा मॅक पत्ता घेऊन येतात. लीज दोन तासांवर आणली, प्रिंटरना रिझर्व्हेशन, म्हणजे कायमचा ठरलेला पत्ता, दिलं, आणि स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग लावलं, म्हणजे परक्या राउटरची ऑफर पोर्टावरच अडते.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. आमचा जुना डीएचसीपी सर्व्हर आयएससी या संस्थेचा होता, आणि त्यांनी २०२२ मध्येच त्याची देखभाल थांबवली. यंदा सुटीत मी त्याच संस्थेचा नवा सर्व्हर, किया, बसवला. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एका स्वल्पविरामापायी दोन संध्याकाळी गेल्या, पण सर्व्हर सुरू करण्याआधी फाइल तपासून घ्यायची सवय त्यातूनच लागली. आता दोन सर्व्हर आहेत, एक कामावर, दुसरा तयारीत. गेल्या शनिवारी कोणी नसताना मी पहिल्याची वीज काढली, दुसऱ्याने सूत्रं घेईपर्यंत लॉग बघत थांबले, मग एक लॅपटॉप नव्याने जोडला. सर्वांत आधी डीएचसीपी सर्व्हरची ओळ वाचली. तिथे दुसऱ्याचा पत्ता होता.

तेव्हा लगेच तुम्हाला फोन करणार होते, पण तुमची रात्रपाळी झाली होती, झोपल्या असाल म्हणून थांबले. मनापासून आभार, ताई. एखाद्या रविवारी या, तुमच्यासमोर पुन्हा वीज काढून दाखवते.

तुमची,
लॅबमधली ती मुलगी
नागपूर