अण्णांच्या बोलण्याला उत्तर

स्टुटगार्ट

ती. अण्णा आणि आई यांस सा. न.

माझी तब्येत उत्तम आहे. थंडीचे कपडे पुरेसे आहेत, आणि आई, खोकला कधीच गेला. बाकी रोजचं फोनवर होतंच.

पण अण्णा, परवा फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, "आमच्या गिरण्यांच्या जमिनी विकून ज्यांनी टॉवर उठवले, त्यांच्याच पंगतीला जाऊन बसलास." तेव्हा उत्तर सुचलं नाही. ते लिहूनच देतो.

मी मालकांच्या पंगतीला नाही. मी पगारदार आहे आणि युनियनची वर्गणी भरतो. इथे जर्मनीत जेमतेम पाच माणसं कामाला असली तरी त्यांना स्वतःची समिती निवडता येते. जिथे अशी समिती आहे तिथे तिला न विचारता कुणाला काढलं, तर ती नोटीस कायद्यानं रद्द. दोन हजारांहून जास्त कामगार असले, तर संचालकांवर देखरेख करणाऱ्या मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या. १९७६ चा कायदा आहे. मतं समसमान पडली की अध्यक्षाचं जादा मत चालतं आणि अध्यक्ष बहुधा भागधारकांचा असतो. म्हणजे शेवटचा शब्द पैसेवाल्यांचाच, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगतो. पण कंपनीचा हिशेब कामगारांच्या माणसासमोर येतो. तुमच्या वेळी गिरणीचा हिशेब कोणी दाखवला होता?

तुमचा मुंबईतल्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ चा. अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि तो मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीरच केलं नाही. दोनच वर्षांनी, १९८४ च्या उन्हाळ्यात, याच स्टुटगार्टच्या परिसरात धातुकामगार संपावर गेले. मागणी आठवड्याला ३५ तासांची. सुमारे सात आठवड्यांनी साडेअडतीस तासांवर तडजोड झाली आणि टप्प्याटप्प्यानं १९९५ मध्ये ३५ तास पदरात पडले. शुक्रवारी दुपारी मी घरी असतो तो त्या लोकांमुळे. इथले मालक काही देवमाणसं नव्हते, तेही नफ्यासाठीच धंदा करत होते. पण त्यांना ज्या युनियनशी बोलावं लागलं ती कामगारांची होती. तुमच्याकडे कायद्यानं एकच युनियन मान्य, आणि ती तुमची नव्हती. ही गोष्ट तुम्हीच मला लहानपणी शंभरदा सांगितली आहे. म्हणून मला वाटतं, नफा हे पाप नाही. ज्याच्या घामातून तो आला त्याला तोंड उघडू द्यायचं नाही, हे पाप.

मालकच नकोत म्हणावं, तर तेही इथे लोकांनी भोगलं आहे. कात्याचे वडील लाइपझिगचे, जुन्या पूर्व जर्मनीतले. कारखाना सरकारचा, म्हणून सगळ्यांचा, असं त्यांना सांगितलं जायचं. भाडं स्वस्त, पाव स्वस्त, बेकारी नाही. पण साध्या ट्राबांट गाडीसाठी नाव नोंदवून दहा वर्षांहून जास्त थांबायचं, आणि सरकारबाहेरची युनियन काढायची सोयच नाही. ९ ऑक्टोबर १९८९ ला लाइपझिगच्या रस्त्यांवर त्या सरकारविरुद्ध सत्तर हजारांच्या आसपास माणसं उतरली, त्यांत ते होते. पुढे दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि बाजाराच्या पहिल्याच फटक्यात त्यांचा कारखाना बंद पडला. तुमच्याबद्दल सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, कारखाना गेल्याचा राग अजून आहे, पण परत त्या राज्यात राहायचं नाही.

इथल्या लोकांची एक सवय मात्र मला बरेच महिने कळली नव्हती, ती नीट सांगतो. पाण्याची, एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली घेतली की किमतीवर २५ सेंट अनामत घेतात. २००३ पासूनची पद्धत. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या भोकात आडवी सरकवायची, यंत्र तिला आत फिरवून तिच्यावरची खूण वाचतं, चेपलेली असेल तर बाहेर ढकलतं. सगळ्या बाटल्या घालून झाल्या की बटण दाबायचं, चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर दिली की पैसे. पेयाच्या पत्र्याच्या डब्यालाही २५ सेंट, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीला मात्र ८. इथवर ठीक. पण रस्त्यात पाणी प्यायलेला माणूस पुष्कळदा बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही, डब्याशेजारी खाली उभी करून ठेवतो. मला तो आळस वाटायचा. खरं कारण हे, की ती न्यायला कुणीतरी येतं आणि त्याला कचऱ्यात हात घालावा लागू नये. येणाऱ्यांत म्हातारी माणसंही असतात, नीटनेटका कोट, हातात टॉर्च. इतक्या श्रीमंत देशात, पेन्शन असलेल्या देशात! मीही बाटली बाहेर ठेवतो, पण त्यानं समाधान होत नाही. दुकानं भरून टाकणं बाजाराला जमतं. या माणसांच्या म्हातारपणाची सोय तो आपणहून करणार नाही, ती कायद्यानंच करून घ्यावी लागेल. एवढं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, अण्णा. ती माणसं दिसली की तुमची फार आठवण येते.

छपराच्या कामाला दीड लाख पाठवले आहेत. पावसाच्या आधी कौलं उतरवून वासे बदलून घ्या, नुसती डागडुजी नको. गुडघ्याच्या ऑपरेशनला मी नव्हतो. दादा होता, सगळं नीट झालं, तरी मी नव्हतोच. व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या माणसाचे पैसे त्यातच धरले आहेत, त्याला बंद करू नका. दादाच्या कर्जाचे राहिलेले हप्ते मी भरेन, त्याला मी वेगळं कळवतो.

आई, तू पाठवलेल्या स्थळाला नाही कळव, आणि लवकर कळव, त्या लोकांना ताटकळत ठेवणं बरं नाही. कात्याचं नाव वर आलंय, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. आमचं ठरलं आहे. फोनवर सांगायचा धीर झाला नाही. ती चांगली आहे आणि आम्ही दोघं मे महिन्यात येतोय. लग्न तू म्हणशील तसं करू. तिच्या वडिलांनाही यायचं आहे. त्यांना गिरणगाव बघायचंय, आणि ते तुमच्याशिवाय कोण दाखवणार, अण्णा? रागवा, पण रविवारी फोन उचला.

तुमचा,
महेश

ता. क. पैसे आईच्या खात्यात टाकले आहेत. अण्णांच्या खात्यातून मागच्या खेपेला परत आले होते.