डबल बेल

घोडबंदर रोड, ठाणे
रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय मंजू,

ब्रिटनहून आलेला तुझा मेसेज सकाळीच वाचला. "कॅरॅव्हॅन घेतोय, काय काय बघायचं ते सांग" गाडीमागे जोडून चाकांवरचं घर ओढत न्यायच्या या बेताला अंगठ्याचा इमोजी टाकून भागणार नव्हतं, म्हणून रात्रीची वाट पाहिली. लिहायला बसले आणि खाली एक कंटेनरचा ट्रेलर गल्लीत उलटा घालायला लागले. न्हावा-शेव्याहून अहमदाबाद हायवेकडे जाणारे हे ट्रेलर आमच्या खिडकीखालूनच जातात. एखादा रस्ता चुकतो, मग मेट्रोच्या पत्र्यांमधून त्याला मागे काढायचा सोहळा असतो. क्लीनर मागे उभा राहून पत्र्यावर थापा मारत "आने दे, आने दे" ओरडत होता. बाबा काठी न घेताच गॅलरीत जाऊन उभे राहिले. वय चौऱ्याऐंशी. पाच मिनिटं बघून आत आले आणि म्हणाले, "क्लीनर चुकीच्या बाजूला उभाय. ड्रायव्हरला आरशात दिसतच नाही तो."

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हेच. बाकीचं सावकाश सांगते.

आम्ही कॅरॅव्हॅन घेतली २००५ च्या ऑक्टोबरात, इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहत होतो तेव्हा. तू तेव्हा इथे ठाण्यात, पाचपाखाडीत सुखात होतीस. पुढच्या एप्रिलात आई-बाबा तीन महिन्यांसाठी येणार होते. आई बाहेरचं खायची नाही आणि हॉटेलच्या खोलीत पोहे करता येत नाहीत, एवढ्याच कारणासाठी बाविसशे पौंडांना सोळा वर्षांची जुनी, चार माणसं झोपतील अशी कॅरॅव्हॅन घेतली. विकणाऱ्याने खिडक्यांना नवे पडदे लावले होते, फुलाफुलांचे. मी पडद्यांना भुलले. आत शिरताच एक वास आला होता, मला वाटलं परदेशी वास असेल. अगं, ज्या बाईच्या माहेरी दर जुलैत भिंतीला पोपडे यायचे, तिला ओलीचा वास ओळखता येऊ नये? बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, आत पातळ प्लायवूड आणि मधे लाकडी चौकट, अशी ती रचना. सांध्यांतलं सीलंट वाळलं की पाणी मधे शिरतं आणि चौकट कुजत जाते, बाहेरून काही दिसत नाही. महिन्याभराने पुढच्या खिडकीखाली मी सहज अंगठा दाबला, तर भिंत ब्रेडसारखी आत गेली. दुरुस्तीला सहाशे पौंड. म्हणून तू बघायला जाशील ती पावसात जा, प्रत्येक कोपरा दाबून बघ आणि ओल मोजायचं यंत्र असलेला कुणी माणूस सोबत ने. पडद्यांकडे बघायचंच नाही.

वजनाचं गणित तिथले सगळेच सांगतील. भरलेली कॅरॅव्हॅन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. हा कायदा नव्हे, जाणत्यांचं सांगणं. आमची मॉन्डिओ चौदाशे किलोची आणि कॅरॅव्हॅन भरून अकराशेची, म्हणजे पास. परवान्याचा जाच तुला नाही. आमच्यासारख्या नव्या परवानेवाल्यांना गाडी आणि मागचं धूड मिळून साडेतीन टनांच्या आत राहावं लागायचं, त्यापुढे वेगळी परीक्षा. ती डिसेंबर २०२१ मध्ये उठली.

उलटं घेणं मात्र परीक्षा नसली तरी शिकावंच लागतं. आम्ही रविवारी ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिकलो. कॅरॅव्हॅनचं बूड डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, आणि ते वळायला लागलं की लगेच डावीकडे फिरवून त्याच्या मागे लागायचं. उशीर झाला तर गाडी आणि कॅरॅव्हॅन कात्रीसारख्या मिटतात. युक्ती एवढीच, की हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा. मग हात ज्या बाजूला नेशील त्याच बाजूला कॅरॅव्हॅनचं बूड जातं. नवरा मागे उभा राहून हात हलवायचा. तो थांब म्हणतोय, ये म्हणतोय की टाटा करतोय, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या महिन्यात आमचं लग्न टिकलं याचं श्रेय फक्त पार्किंगच्या रिकामेपणाला आहे.

एप्रिलात आई-बाबा आले. बाबांना तू ओळखतेस, चौतीस वर्षं एस.टी.चे कंडक्टर, खोपट डेपो. त्यांनी कॅरॅव्हॅनला एक फेरी मारली, पत्र्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "बॉडी हलकी आहे. वाऱ्यात नाचेल." मी हसले. आईने मात्र त्या दिवशीच संसार हलवायला घेतला. मागच्या बाकाखालचं कपाट रिकामं बघून तिला फडताळाची आठवण झाली असणार. मी ऑफिसात असताना तिने त्यात काय काय भरलं हे आम्हाला दोन दिवसांनी, एम ५४ मोटरवेवर कळलं.

आम्ही वेल्समध्ये बेटूस-इ-कोएडला निघालो होतो, सव्वाशे मैलांच्या आसपास. मागे काही ओढत असशील तर मोटरवेवर ताशी ६० मैलांच्या वर जायचं नाही आणि तीन लेन असतील तर सगळ्यात उजवीकडची आपली नाही, हे मी पाळत होते. टेल्फर्ड गावाच्या अलीकडे एक मोठा लॉरीवाला बाजूने पुढे गेला. त्याने ढकललेल्या हवेचा झोत कॅरॅव्हॅनला बसला आणि ती मागे शेपटी हलवल्यासारखी डुलली. मग परत, जास्त जोरात. मंजू, तो क्षण सांगता येत नाही. मागची वस्तू गाडी चालवतेय आणि आपण फक्त पुढे बसलोय, असं वाटतं. आरशात कॅरॅव्हॅन एकदा डावीकडे पूर्ण दिसायची, एकदा उजवीकडे. पाय ब्रेककडे निघालाच होता, तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, "ब्रेक नको. सरळ धर. आपोआप बसेल." मी पाय उचलला, स्टिअरिंग घट्ट सरळ धरलं. चार-पाच झोक्यांनी ती शांत झाली. हेच करायचं असतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. बाबांनी कुठे वाचलं होतं?

पुढे गाडी थांबवली. बाबा उतरले, कॅरॅव्हॅनच्या मागे वाकून बघितलं आणि आईला नाव न घेता विचारलं, "मागे काय भरलंय?"

आईने पदर खोचला आणि एकेक काढायला लागली. दहा किलो कणीक. पाच किलो तांदूळ. दोन कुकर. आंब्याच्या लोणच्याची बरणी, काचेची. पोळपाट-लाटणं, खलबत्ता (हो, दगडी). सगळं शेवटच्या टोकाला, चाकांच्या किती तरी मागे. मागे वजन वाढलं की पुढचं टोक हुकवरून वर उचलू बघतं आणि कॅरॅव्हॅन डुलायला मोकळी होते. हुकवर कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के दाब हवा, म्हणजे आमच्यासाठी पंचावन्न ते सत्याहत्तर किलो, पण गाडीची मर्यादा ७५. बाबांना टक्के माहीत नव्हते. ते म्हणाले, "माळशेजला टपावर सगळे भाजीचे हारे मागे लादले की गाडी अशीच करायची. मधे घ्या." कणीक, तांदूळ, खलबत्ता सगळं चाकांच्या वर, मधल्या जमिनीवर आलं. त्यानंतर त्या सहलीत ती एकदाही डुलली नाही. घरी आल्यावर मी न्हाणीघरातला वजनकाटा आणि लाकडाचा तुकडा पुढच्या टोकाखाली ठेवून दर वेळी दाब मोजायला लागले. तूही मोज. आई नसेल तुझ्याकडे, पण तुझा नवरा बिअर कुठे ठेवेल याचा भरवसा नाही.

श्रुजबरीनंतर ए ५ हा रस्ता लागतो. टेल्फर्ड नावाच्या इंजिनियरने दोनशे वर्षांपूर्वी टपालाच्या घोडागाड्यांसाठी तो बांधला, म्हणून डोंगरातून जाऊनही चढ फारसा जाणवत नाही. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग याला घाट कशाला म्हणायचं? कसारा दाखवायला हवा यांना."

मुक्कामाच्या जागी पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि आमची जागा दोन कॅरॅव्हॅनच्या मधे, ओल्या गवतावर, किंचित उतारावर. नवरा सवयीने मागे गेला. बाबांनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं, कोटाच्या खिशातून आपली जुनी शिट्टी काढली आणि माझ्या उजव्या आरशात नीट दिसतील असे उभे राहिले. पिर्र, पिर्र, पिर्र म्हणजे येऊ दे. लांब पिर्रर्र म्हणजे थांब. लहानपणी ठाण्याच्या वंदना एस.टी. स्टँडवर हेच ऐकत मी शाळेला जायचे. एका दमात कॅरॅव्हॅन जागेवर बसली. सगळ्या कॅरॅव्हॅनची दारं उघडून माणसं बघायला आली. काहींना वाटलं, आग लागली.

शेजारी एक म्हातारे इंग्रज गृहस्थ होते. ते बाबांवर इतके खूश झाले की चहाला आले आणि जाईचनात. त्यांनीच सांगितलं, की हौसेखातर फिरायला बांधलेली पहिली कॅरॅव्हॅन म्हणजे १८८५ ची 'वाँडरर', ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यात बनलेली. मालक डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स, नौदलातले निवृत्त सर्जन. दोन घोडे ओढायचे आणि एक नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन लोकांना बाजूला व्हा म्हणून सांगायचा. मी बाबांना भाषांतर करून सांगितलं. "म्हणजे क्लीनर त्यानेही ठेवला होता," बाबा म्हणाले.

आत सोळा फुटांत आईला गणपती ठेवायला जागा हवी होती आणि संडास होता दाराजवळ, म्हणजे चार पावलांवर. तिने इंचइंच मोजून गणपती पुढच्या खिडकीत बसवला आणि मधे पडदा ओढला, तोच फुलाफुलांचा. संडासाची पेटी रिकामी करायचं काम नवऱ्याकडे गेलं, त्यावर कुणी चर्चा केली नाही. पाण्याचं चाळीस लिटरचं पिंप गवतावरून लोळवत आणायचं असतं, ते आईला फार आवडलं. पहाटे पाचलाच निघायची, नळाला नंबर लागेल म्हणून. नंबर कसला, नळावर चिटपाखरू नसायचं.

तिसऱ्या पहाटे चहाच होईना. गॅस भरलेला, पण शेगडीत ज्योत नाही. आमचं सिलिंडर निळं होतं, ब्युटेनचं. शून्याच्या आसपास ते द्रवच राहतं, गॅस होत नाही, आणि बाहेर गवत पांढरं झालेलं. लाल सिलिंडर प्रोपेनचं, ते उणे चाळीसपर्यंत साथ देतं. शेजारच्या गृहस्थांनी लाल आणून दिलं, तेव्हा कुठे कुकरची शिट्टी झाली. तू थंडीत जाणार असशील तर लालच घे.

२००९ ला परत यायचं ठरलं तेव्हा नऊशेला विकली. घेणारी बाई तरुण होती, आत शिरून थेट खिडकीखालचा कोपरा दाबला तिने. पडदे मात्र आईने आधीच काढून नेले होते. आई गेल्यावर तिची गोधडी उसवायला घेतली तर आतल्या थरात ती फुलं निघाली. परत शिवून टाकली.

निघण्याआधीचं एकच विसरू नकोस. हुक बसल्यावर पुढचं छोटं चाक फिरवून बघ, टोक वर उचलायचा प्रयत्न केला तर गाडीचं बूडही सोबत उचललं पाहिजे, तरच तो बसलाय. ब्रेकची बारीक तार गाडीला अडकव, हुक सुटलाच तर ती ताणून कॅरॅव्हॅनचे ब्रेक लागतात. दिव्यांची पिन, चारी कोपऱ्यांचे पाय वर, छतावरची खिडकी बंद. मग कुणाला तरी मागे पाठव.

बाबा आत्ता पुन्हा उठून आले. ट्रेलर निघाला का, विचारत होते. निघाला म्हटलं. तुझ्याबद्दल सांगितलं तर पहिला प्रश्न, "मागे कोण उभं राहणार?" तुझ्या नवऱ्याचं नाव सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग ड्रॉवर उघडायला गेले. तुझी भाची पुढच्या महिन्यात येतेय ना तिकडे? तिच्याकडे एक छोटं पाकीट देते.

तुझी,
सुमा

ता.क. बाबा म्हणतात, मागचा माणूस गाडीत बसल्याशिवाय निघायचं नाही, आणि बसला की त्याने पत्र्यावर दोनदा वाजवायचं. एकदा वाजवलं तर थांब असा अर्थ होतो.