अण्णा, ‘मुली किती?’ हे तुम्ही विचारलंत म्हणून

ती. अण्णांना नमस्कार.

गेल्या आठवड्यात नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक, म्हणजे शहरातली घरजागा कुणाच्या नावावर आहे त्याची सरकारी नोंद, हातात आलं. त्यावर माझं नाव लागलंय. तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘बरं बरं, आधी चहा टाक’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. घर घ्यायला निघालेलं कुणी वाचेल, त्यालाही उपयोग होईल.

करंजेत चौदा वर्षं भाड्यानं राहिल्यावर मंगळवार पेठेतलं ते माडीचं घर आम्हाला दिसलं, आणि आम्ही दोघंही तिथंच अडकलो. एजंट घाई करत होता. पाच लाख द्या, नोटरी करून घेऊ, ताबा आजच घ्या, खरेदीखत काय, सावकाश होईल. आम्ही पैसे काढायलाही निघालो होतो. जाता जाता तुम्हाला कागद दाखवावेत एवढंच मनात होतं. जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या भूमी अभिलेख खात्यात तुमचा जन्म गेला. चष्मा लावून तुम्ही पत्रक पुन्हा पुन्हा वाचलंत आणि एकच विचारलंत, “वडिलांना मुली किती?”

आम्हाला ठाऊकच नव्हतं. घर विकणारे दोघे भाऊ; त्यांच्या वडिलांचं नाव कमी होऊन त्या दोघांची नावं लागलेली, आम्हाला तेवढं पुरेसं वाटलं होतं. तुम्ही पायरीवर बसून समजावलंत. घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं, मृत्युपत्र केलेलं नाही, मग 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीचा वाटा मुलाएवढाच. पत्रकावर नाव लागलं नाही म्हणून तो जात नाही. पत्रक ही सरकारी नोंद, मालकी तिच्यानं ठरत नाही. उद्या बहिणींनी दावा लावला तर कर्जाचे हप्ते आम्ही भरणार आणि तारखांनाही आम्हीच जाणार.

दोन बहिणी निघाल्या, एक कोरेगावला, एक कऱ्हाडला. त्यांच्याकडून हक्कसोडपत्र, म्हणजे वाटा सोडल्याचा कागद, घेऊन टाकू, असं भाऊ म्हणाले. तुम्ही म्हणालात, समजून, राजीखुशीनं देत असतील तर जरूर घ्या. नाहीतर त्यांनाही ‘लिहून देणार’ म्हणून दस्तात घ्या आणि त्यांच्या वाट्याचा चेक त्यांच्याच नावानं काढा. थोरल्या ताईंकडे कोरेगावला आपण गेलो तो दिवस मी विसरणार नाही. “घर विकतायत हे मला कुणी सांगितलंच नाही,” म्हणाल्या आणि बराच वेळ पदर डोळ्यांना लावून बसल्या. माझा व्यवहार निर्धोक व्हावा म्हणून तुम्ही विचारलेल्या प्रश्नानं त्यांना त्यांच्या माहेरातला वाटा मिळाला. मला घरापेक्षाही त्याचं मोल जास्त वाटतं.

नोटरीचं तुम्ही एका वाक्यात संपवलंत: शंभर रुपयांपुढच्या घरजागेची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, 1908 पासूनचा कायदा आहे. पाच लाख दिले ते नोंदणीकृत साठेखतावर, म्हणजे पुढे विकण्याच्या करारावर. साठेखतानंही मालकी येत नाही, खरेदीखत मागायचा हक्क येतो, हेही तेव्हाच कळलं. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च घेतला, म्हणजे जुन्या नोंदी तपासल्या, त्यात पतसंस्थेच्या कर्जाचा जुना बोजा सापडला. कर्ज फिटलेलं होतं, पण बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा कागद, आणून बोजा कमी करून घेईपर्यंत तुम्ही पुढे जाऊ दिलं नाहीत. आणि तो बोळ! मसुद्यात चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारी बाजूंना काय आहे ते, जुन्या दस्तावरून उतरवलेली होती. तुम्ही टेप घेऊन भर उन्हात घराभोवती फिरलात, पूर्वेच्या बोळातून जाण्यायेण्याचा हक्क दस्तात लिहून घेतलात. आज आमचा रोजचा रस्ता तोच आहे.

किंमत कमी दाखवा असं सुचवणारेही भेटले. मुद्रांक शुल्क रेडीरेकनरची, म्हणजे सरकारी दरानं येणारी, किंमत आणि ठरलेली किंमत यांत जी जास्त तिच्यावर लागतं, आणि खोटी रक्कम लिहिलेला कागद आयुष्यभर घरात ठेवायचा का, असं तुम्ही विचारलंत. उलट घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर बाईमाणसाला शुल्कात एक टक्का सवलत आहे हे तुम्हीच सांगितलंत. नोंदणी फीला तीस हजारांची मर्यादा आहे, तेही.

दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठे, फोटो झाले, सूची दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा, मिळाली, तेव्हा आम्ही पेढे घेऊन आलो. तुम्ही पेढा घेतलात आणि म्हणालात, “अजून पत्रकावर नाव कुठं लागलंय?” खरेदीखत झालं तरी पत्रकाची नोंद, घरपट्टी, पाणी, वीज सगळ्याचा पाठपुरावा करावा लागला. तो या आठवड्यात संपला.

वास्तुशांत पुढच्या रविवारी सकाळी आहे. कोरेगावच्या ताई येणार आहेत, जुन्या देवघराजवळ पहिला दिवा त्यांनीच लावावा असं आम्ही ठरवलंय. माडीचा जिना अरुंद आहे, तेव्हा एकटे येऊ नका. सातला आम्ही गाडी घेऊन तुमच्या दारात असू. वहिनींनाही आणा.

तुमची,
शेजारची सूनबाई
करंजे, सातारा