पुतण्याला पुण्याला पाठवण्याआधी

पुणे, 9 मार्च 2025

प्रिय गड्या,

पुतण्याला बांधकामाच्या कामाला पुण्याला पाठवू का, असं विचारायला तुझा फोन आला तेव्हा मी स्लॅबवर होतो. पंपाच्या आवाजात तुझं निम्मं ऐकू आलं नाही, म्हणून "सांगतो नंतर" म्हणून ठेवला. आज साइट बंद आहे. फोनवर बोलायला बसलो तर तू मध्येच म्हणशील, "ते राहू दे, रोज किती पडतो ते सांग." म्हणून लिहितोच.

आधी तेच सांगतो. आमच्या वारजे-शिवणे पट्ट्यात गवंडी सध्या 1000 ते 1100 घेतो. फरशीवाला 1200. बिगारी 700, बाई असली तर 550. आपण 2006 ला लातूरहून डिप्लोमाचा कागद घेऊन आलो, तेव्हा मी मस्टरवर गवंड्याच्या नावापुढे 220 लिहायचो. म्हणजे दर पाचपट झाला, खोटं नाही. तुझ्या पुतण्याला कुणीतरी हा हजाराचा आकडा सांगितला आणि त्यानं तो तीसनं गुणला. तिथंच त्याचा हिशेब फसला.

सकाळी आठला मजुरांच्या नाक्यावर येऊन उभा राहा एकदा. डबा, पिशवीत थापी आणि भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा, डोक्याला उपरणं. गाडी थांबली की दहा जण खिडकीशी. साडेनऊ वाजेपर्यंत ज्याला कुणी नेलं नाही तो "आज खाडा" म्हणत खोलीवर परत. नाक्यावरच्या माणसाला महिन्यात सोळा-सतरा हजेऱ्या पडल्या तरी तो महिना बरा म्हणतात. पावसाळ्यात त्याही नाहीत. सोळा हजारांतून खोलीचे साडेपाच हजार, राहिलेल्यात पोट, मोबाइल, गावाकडचं देणं. दर वाढला तो हजेरीचा. हजेऱ्या वाढल्या नाहीत. हे त्याला तू नीट समजावून सांग, माझं नाव घेऊन सांग.

तू विचारलंस, पुण्यात मिस्त्री मिळत नाहीत असं पेपरात येतं ते खरं का? खरं आहे. माझ्याच साइटवर होळीमुळे निम्मे लोक गेले. बिहारच्या दानापूर गाडीला पाय ठेवायला जागा नाही. आता ते परत येणार कधी, तर गहू काढून, लग्नं उरकून, एप्रिलच्या शेवटाला. त्यांच्याकडच्या आणि इकडच्या रोजात फरकच एवढा आहे की येणं भागच पडतं. रिझर्व्ह बँकेच्या 2022-23 च्या आकड्यांत गावाकडच्या बांधकाम मजुराला केरळमध्ये दिवसाला 850 च्या वर पडत होते, देशाची सरासरी 393, आणि मध्य प्रदेशात 280 सुद्धा नाहीत. तिथला माणूस पुण्यात बिगारी म्हणून आला तरी त्याचा रोज दुपटीवर जातो.

पूर्वी आमच्याकडे सगळे आपलेच असायचे. लातूर, धाराशिव, बीड, पलीकडून विजापूर-कलबुर्गी. बहुतेक जोडीनं यायचे, नवरा गवंडी आणि बायको त्याच्या हाताखाली. त्यांची पोरं आता या कामात नाहीत. एकाचा पोरगा पाठीवर डबे पोचवायची पिशवी घेऊन मोटरसायकलवर फिरतो. मी म्हटलं, बापाचा हात धरला असतास तर जास्त मिळाले असते. तो म्हणाला, "काका, पण गाडीवर मला कुणी अरे-तुरे करत नाही." यावर मी काय बोलणार? फेब्रुवारी 2025 मध्ये एल अँड टी या बड्या बांधकाम कंपनीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन चेन्नईत म्हणाले की सरकारी योजनांमुळे मजूर घर सोडून यायला तयार नाहीत. असेलही थोडंफार. पण साहेबांनी एकदा पत्र्याच्या खोलीत, आठ माणसांत, मे महिना काढून बघावा.

आणि मजुरांचे पैसे अडकवणाऱ्या कळपात मीही आहे, ते लपवत नाही. बिल्डरकडून मुख्य कंत्राटदार, त्याच्याकडून माझ्यासारखा पेटी कंत्राटदार, माझ्याकडून मुकादम, आणि मग कामगार. वरून पैसे अडकले की खाली फक्त खर्ची, म्हणजे पोटापुरती उचल जाते, दर शनिवारी हजार-दीड हजार. बाकीचं "हिशेबाला". मागच्या वर्षी माझं एक बिल तीन महिने अडलं. मी काय केलं? मुकादमाला थांबवलं. मुकादमानं पोरांना थांबवलं. त्यातला एक जण आजारी आईसाठी गावी निघाला तेव्हा त्याचे अठरा हजार माझ्याकडे बाकी होते आणि मी त्याच्या हातावर सहा टेकवले. बाकीचे नंतर पाठवले, पण आई तोवर गेली होती. हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.

काम बदललंय तेही ऐक. मोठ्या टॉवरवर आता वीट नाही की गिलावा नाही. अॅल्युमिनियमचे साचे लावतात, मायव्हान म्हणतात त्याला. भिंत आणि स्लॅब एकदमच ओततात. त्या टोळ्या बहुतेक बंगाल-झारखंडच्या, चौरस मीटरवर उक्त्यानं घेतात, आणि नवा पोरगा महिन्याभरात पिना ठोकायला शिकतो. जिथं भिंती बांधतात तिथंही हलके मोठे ब्लॉक, वर जिप्समचा हात. म्हणजे अस्सल गवंड्याला टॉवरवर काम उरलं नाही. त्याला मागणी आहे बंगल्यांना, दुरुस्तीला, जिन्याला, आणि तिथं माणूसच मिळत नाही, कारण शिकायला वेळ कुणाला? पूर्वी पोरगा चार वर्षं घमेलं उचलायचा, मग मिस्त्री जेवायला बसला की हळूच थापी हातात घ्यायचा.

थापीवरून आठवलं. आमच्याकडे एक मावशी आहे, नवऱ्यामागे पंधरा वर्षं माल कालवतेय. परवा नवीन मिस्त्री कोपरा धरत होता. ही घमेलं डोक्यावर घेऊन उभी, म्हणाली, "दादा, खाली अर्धा सूत बाहेर गेलंय." त्यानं ओळंबा सोडला. गेलं होतं. मी तिला म्हटलं, मावशी, उद्या तूच थापी घे. पदरात हसली आणि माल आणायला गेली. मस्टरवर तिच्या नावापुढे आजही 550. दुसऱ्या दिवशी मीही तो विषय काढला नाही.

इस्राएलला बांधकामाच्या कामाला जाण्याचं तू विचारलंस ना? सप्टेंबर 2024 मध्ये इथंच औंधच्या आयटीआयमध्ये त्यांच्या चाचण्या झाल्या. चारच कामं: सेंट्रिंग, सळई, प्लास्टर, फरशी. पगार महिन्याला लाखाच्या वर. माझा एक फरशीवाला जाऊन आला चाचणीला, टाइल बसवून दाखवली. पण तिथं लढाईचा भरवसा नाही, आणि ज्याला अजून ओळंबा धरता येत नाही त्यानं तो विचार आत्ता करूच नये.

आता पुतण्याचं. बिगारी म्हणून यायचं असेल तर पाठवू नकोस. उसाला जाईल तसा इथं येईल, पाच वर्षांनी पाठ गेलेली आणि हातात काही नाही. शिकायची तयारी असेल तर फरशी किंवा प्लंबिंग. फरशीत टॉवर असो की बंगला, काम सुटत नाही, आणि हात बसला की फुटावर उक्तं घेता येतं. आमच्याकडे कलबुर्गीचे एक मिस्त्री आहेत, तोंडानं तिखट पण शिकवतात. पहिलं वर्ष त्याला 600 च देईन, शिव्या खाव्या लागतील, आणि ग्राउट खरवडून बोटं सोलतील. हिशेब महिन्याच्या दहा तारखेला खात्यावर, हे माझ्याकडून पक्कं.

आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी इथं आल्यावर करू. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो मी देईन, खरा. बांधकाम खर्चाचा 1 टक्का उपकर त्या मंडळाकडे जातो. मंडळ 2011 पासून आहे, पण माझ्या नाक्यावरच्या निम्म्यांकडे कार्ड नाही. मंडळ नोंदलेल्या कामगारांना देतं तो भांड्यांचा संच आपल्या गावात कुणाकुणाच्या घरी आहे आणि त्यातल्या किती जणांनी कधी घमेलं उचललंय, ते तूच मोज. एजंटला मात्र एक रुपया देऊ नकोस.

आधार आणि बँकेचं पासबुक बरोबर दे. चप्पल नको, बूट घालून पाठव. रात्रीच्या लातूर गाडीत बसव, पहाटे हडपसरला उतरायला सांग, मी घ्यायला येतो. वहिनींना म्हणावं, शेंगदाण्याची चटणी जरा जास्त द्या, इथली गोड लागते.

तुझाच,
खोली नंबर 14 वाला