गिअरबॉक्स उघडतोयस तर

चि. सोन्या,

तुझा मेसेज वाचला, फोटो पण बघितले. त्या जुन्या ब्रिटिश एमजीबी गाडीचा गिअरबॉक्स स्वतः घरी उघडायचा म्हणतोयस, छान वाटलं. पण "रिबिल्ड किट मागवतो आणि सगळंच बदलून टाकतो" हे जे लिहिलंयस ना, ते मला पटलेलं नाही. अरे, किटमध्ये बेअरिंग, सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा), गॅस्केट, सील एवढंच येतं. गिअरचे दात, शाफ्ट, हब (शाफ्टवरचा भाग, ज्याच्यावरून स्लीव्ह नावाची कडी सरकून गिअर लागतो) हे त्यात नसतं आणि आवाज नेमका त्यातून येत असेल तर सगळं नवीन घालूनही गाडी तशीच किरकिर करणार. म्हणून आधी रोग शोध मग औषध आण.

गाडी अजून चालतेय ना, मग बॉक्स खाली काढायच्या आधीच अर्धं निदान करून घे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते असं असेल तर इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टचं) बेअरिंग नाहीतर ले-शाफ्ट (खालचा शाफ्ट, ज्याच्यावर ले-गिअर हा गिअरचा जोडसंच फिरतो). उलटं असेल, म्हणजे दाबल्यावर आवाज येत असेल, तर गिअरबॉक्सचा काही संबंध नाही, तो क्लचचा रिलीज बेअरिंग, पेडल दाबलं की क्लचला ढकलणारा. या गाडीत तो कार्बनचा असतो, झिजतोच. मग रस्त्यावर घे. पहिल्या तीनही गिअरमध्ये कण्हते आणि चौथ्यात एकदम गप्प होते? चौथा गिअर डायरेक्ट असतो, इनपुट आणि मेनशाफ्ट (चाकांकडे जाणारा) सरळ जोडले जातात, ले-गिअर फिरतो पण त्याच्यावर लोड नसतो. म्हणजे चोर तिथेच सापडला. तिसऱ्यावरून दुसरा टाकताना कर्रकन् होतंय का ते पण बघ, कारण सगळ्यात जास्त मार दुसऱ्याच्याच सिंक्रोला बसतो. तुझी १९७२ची आहे म्हणजे चारही गिअरना सिंक्रो आहे. १९६७ पर्यंतच्या गाड्यांना पहिल्याला नव्हताच, त्यामुळे त्या लोकांचे सल्ले वाचून घाबरू नकोस.

काय काय होतंय ते कागदावर लिहून ठेव. बॉक्स उघडला की प्रत्येक गोष्ट छान दिसायला लागते आणि आपण काय शोधत होतो तेच विसरायला होतं.

काढायचं काम कंटाळवाणं आहे, त्यावर फार लिहीत नाही. या गाडीत बॉक्स एकटा खाली येत नाही, इंजिनसकट वर काढावा लागतो, तेव्हा क्रेन भाड्याने आण आणि कुणाला तरी मदतीला घे, एकट्याने अजिबात करायचं नाही, आई म्हणून सांगतेय. ऑइल काढशील ते स्वच्छ ट्रेमध्ये काढ आणि त्यात चुंबक फिरव. पितळेची चमकती भुकटी सिंक्रो रिंगची असते, थोडी चालते. स्टीलचे चपटे तुकडे मिळाले तर कुठलातरी दात किंवा बेअरिंग गेलाय, आणि तो सापडेपर्यंत थांबायचं नाही.

आता हबची गंमत. स्लीव्ह सरकवून काढताना आतल्या स्प्रिंगवर बसलेल्या बारीक गोळ्या टुणकन उडतात आणि बेंचखाली जाऊन बसतात. म्हणून सगळा हब मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घाल, हात पिशवीत आणि मगच स्लीव्ह सरकव. त्याआधी हब आणि स्लीव्हवर मार्करने समोरासमोर खूण कर, जोडी एकमेकांत मुरलेली असते, तशीच परत बसली पाहिजे. सिंक्रो रिंग तपासायची तर ती गिअरच्या निमुळत्या भागावर (कोनवर) हाताने दाबून फिरव. पकडली पाहिजे. घसरत असेल तर गेली. मग रिंग आणि गिअरच्या छोट्या दातांमधली फट फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) बघ, नव्या रिंगशी ताडून. दातांची टोकं बोथट झालेली असतील तर नुसती नवीन रिंग घालून पैसे वाया जातील, गिअर पण बदलायला लागेल.

ले-शाफ्टवर बोटाचं नख फिरव. निडल रोलर (बेअरिंगमधले सुईसारखे बारीक रोलर) जिथे फिरतात तिथे खडबड लागली की शाफ्ट बदल, रोलरही सोबत, जुन्या शाफ्टवर नवे रोलर टाकायचे नाहीत. बसवताना त्या बारीक सुया ग्रीसने चिकटवायच्या आणि शाफ्टच्याच जाडीचा पण गिअरच्याच लांबीचा डमी रॉड आत ठेवायचा, मग ले-गिअर केसच्या तळाशी झोपवून वरचे शाफ्ट बसवायचे आणि शेवटी खरा शाफ्ट ढकलला की डमी आपोआप बाहेर येतो. हे एकदा जमलं की इतकं भारी वाटतं ना! आणि ले-गिअरच्या टोकांना बसणारे थ्रस्ट वॉशर वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, एंड-फ्लोट (ले-गिअर शाफ्टवर पुढे-मागे जेवढा हलतो ती मोकळीक) मोजूनच निवड, आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधून घे, कुणाच्या तोंडून नको.

बेअरिंग शाफ्टवर दाबताना जोर फक्त आतल्या रेसवर (कड्यावर). बाहेरच्या रेसवर हातोडा मारलास तर नवीन बेअरिंग तिथल्या तिथे खराब होतं आणि कळतं महिन्याभराने.

ऑइल २०डब्ल्यू-५०, हो, इंजिनवालंच, या बॉक्सला तेच लागतं. कुणी जीएल-५ गिअर ऑइल घाल म्हणालं तर हसून सोडून दे, ते डिफरन्शियलसाठी असतं, पितळेच्या रिंगना मानवत नाही आणि इतकं निसरडं की सिंक्रो पकडच घेत नाही.

बाकी क्लच प्लेट आणि स्पिगॉट बुश (इनपुट शाफ्टचं टोक इंजिनच्या बाजूला धरणारा) याच फेरीत बदलून घे, परत इंजिन कोण काढणार. चालवून झालं की तो कागद मला पाठव, किट मी सांगितल्यावरच मागव.

तुझी,
आई