मशीन बंद असतानाची कामे

सांगली,
१५ जुलै २०२५

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शुभदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर छापखान्याचा विषय निघाला तेव्हा तुम्ही, ‘मशीन बंद ठेवण्यापेक्षा मिळेल त्या भावात काम घे,’ असे म्हणालात. त्यावर मी नुसते ‘बघते’ म्हटले, कारण फोनवर हिशेब नीट सांगता येत नाही आणि आईला मध्येच ‘काय म्हणतेय ती?’ असे विचारत बसावे लागते. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

काम मंदावले आहे हे खरे. यंदा गुरूचा अस्त जूनमध्येच आल्यामुळे लग्नाचे मुहूर्त लवकर आटले, शाळांची पावतीपुस्तके छापून झाली आणि चातुर्मास लागल्याने आता तुळशीच्या लग्नापर्यंत पत्रिकांचे मोठे काम येणार नाही. तुम्ही म्हणत होतात त्या, मी न घेतलेल्या पत्रकांच्या कामाचा हिशेब मात्र असा आहे. एक अष्टमांश डेमीची आठ हजार पत्रके म्हणजे डेमी मापाच्या तावांचे दोन रीम (एक हजार ताव); सत्तर जीएसएम वजनाचा मॅपलिथो, म्हणजे साधा छपाईचा कागद, धरला तर सुमारे पावणेएकोणीस किलो कागद, आणि जुळणी बसेपर्यंत वाया जाणारे ताव वेगळेच. गिऱ्हाईक सांगत होते त्या भावातून कागद, प्लेट आणि शाई वजा केल्यावर बाहेरच्या कटिंगची मजुरीसुद्धा सुटत नव्हती; वीज आणि जागेचे भाडे मी धरलेलेच नव्हते. कारागिरांचा पगार काम असो वा नसो द्यायचाच आहे, तेव्हा चार पैसे तरी हाती येतील, हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि खरोखरच चार पैसे येत असते तर मी ते काम घेतलेही असते. येथे उलट पदरचे घालावे लागणार होते. शिवाय एका दुकानदाराला दिलेला भाव संध्याकाळपर्यंत पेठेतल्या दहा जणांना कळतो आणि दिवाळीच्या गर्दीत तेच दहा जण तोच भाव मागायला येतात. नुसते चाक फिरत राहावे म्हणून असे काम अंगावर घेणे म्हणजे ‘रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी’ यातलाच प्रकार झाला असता.

मशीन बंद असले तरी छापखाना बंद नाही. लग्नसराईत रात्री उशिरा पुसून सकाळी पुन्हा चालू करण्याच्या घाईत ऑफसेटच्या शाईच्या रोलरवर जो चकचकीत थर साचतो, तो घाईच्या दिवसांत कधीच पुरता निघत नाही. आता सगळे रोलर काढून धुतले, पाण्याच्या रोलरवरची मोल्टनची कापडे बदलली आणि एकेक रोलर प्लेटवर टेकवून शाईची पट्टी पाडून पाहिली. प्लेटला शाई लावणाऱ्या फॉर्म रोलरपैकी एकाची पट्टी दोन्ही कडांना जाड आणि मधोमध जवळजवळ नाहीशी झालेली दिसली, म्हणजे तो मध्ये झिजला आहे. पत्रिकांच्या मधल्या ओळी फिक्या का येत होत्या, याचे उत्तर तेथे मिळाले. तो नवे रबर चढवायला दिला आहे. हे काम डिसेंबरात काढले असते तर ऐन मुहूर्तांत मशीन उघडे पडले असते.

तुमचे ट्रेडल, ते जुने खिळ्यांच्या छपाईचे मशीन, अजून पोटाला देते आहे, हे वाचून तुम्हाला बरे वाटेल. छपाई त्यावर होत नसली तरी नंबरिंग, परफोरेशन आणि डाय-कटिंग त्यावरच चालते आणि गणेश मंडळांची पावतीपुस्तके त्याच्याशिवाय पुरी होत नाहीत. धाकट्या कारागिराला नंबरिंग सध्या शिकवते आहे. आकडा अडकला की मूळ गठ्ठा आणि दुसऱ्या प्रतीचा गठ्ठा यांचे क्रमांक जुळेनासे होतात आणि मंडळाच्या खजिनदाराची वर्षभराची डोकेदुखी होते, हे त्याला रद्दी कागदावर चुकू देऊनच पटवले.

दुसरे मोठे काम उधारीचे. एका कारखान्याकडे गेल्या हिवाळ्यापासूनचे बिल अडकले आहे. तुमच्या पद्धतीने चहाला जाऊन बसणे मीही केले, पण आता हाताशी कायदाही आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत आणि करार नसला तर पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. त्याहून परिणामकारक ठरते ती आयकराची एक तरतूद: आपल्यासारख्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत चुकते केले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत गिऱ्हाइकाला तो खर्च म्हणून दाखवता येत नाही. मी आपल्या सरकारी उद्यम नोंदणीचा क्रमांक घालून सगळ्यांना थकबाकीचे उतारे पाठवले, आणि अनुभव असा की मालक दाद देत नाही तेथे त्याचा हिशेबनीस देतो. थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार मात्र एवढ्यात करणार नाही. संबंध तुटावेत एवढी ती रक्कम नाही.

नदीची काळजी करू नका. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे २०१९ च्या महापुरानंतर लहान मुलांनाही पाठ झाले आहेत; मी मात्र पाण्याची वाट न पाहता कागद पोटमाळ्यावर नेला असून रीमची वेष्टणे फोडलेली नाहीत, म्हणजे दमट हवेने कडा लहरणार नाहीत आणि नंतर फीडिंगला त्रास होणार नाही.

आता आईकडे एक काम आहे. पूर्वी पाचशे पत्रिका छापणारे घर आता दीडशे छापते आणि बाकीच्यांना मोबाइलवर धाडते, हे काही पुढच्या मुहूर्तांनी बदलायचे नाही. म्हणून थोड्याच, पण चांगल्या कागदावरच्या पत्रिकांचा नवा अल्बम या दिवसांत तयार करते आहे. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून पुढचे मजकुराचे आठ नमुने सोबत पाठवले आहेत. चि. आणि चि. सौ. कां. यांचा क्रम, आहेर न आणण्याची ओळ आणि आजोळच्या नावांची जागा आईने लाल पेनाने तपासावी, कारण तिच्या नजरेतून सुटलेली पत्रिका आजवर परत आलेली नाही. बाबा, ट्रेडलच्या बुशिंगसाठी तुम्ही मिरजेच्या ज्या लेथवाल्याकडे जात होतात, त्याचे दुकान नेमके कोठे होते ते त्याच पाकिटात लिहून पाठवा. मंडळांची कामे सुरू होण्याआधी ते उरकायचे आहे.

तुमची,
शुभदा